चारमिनारचे चार मिनार

रविवारी सकाळी साडेदहा ते बारा मी मंडळातल्या मुलांची चित्रकला घेतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. मी काही ड्रॉइंगचा मास्तर नाही. बीई कॉम्प्युटर, वय छत्तीस, नोकरी गच्चीबावलीत. पात्रता एवढीच, की नांदेडला नववीत असताना इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली होती.

इथेच वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. महाराष्ट्रात कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन ग्रेड परीक्षा घेतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. माझा निकाल लागल्यावर आमचे ड्रॉइंगचे सर घरी आले आणि बाबांना म्हणाले, "याला पुढे जे. जे.ला पाठवा." बाबांनी सरांना चहा दिला आणि म्हणाले, "चित्रं काय, रविवारीही काढता येतात." बाबांचं म्हणणं खरं ठरलं, फक्त मध्ये वीस वर्षं गेली.

वर्ग सुरू केला तेव्हा सगळं सोपं वाटत होतं. मला जे शिकवलं होतं तेच मी शिकवत होतो. आधी पुसट रेषा, मग प्रमाण, मग छाया-प्रकाश. दुसरीतली एक मुलगी होती. तिने एकदा चारमिनार काढला. चारही मिनार कंपासपेटीतल्या पेन्सिलींसारखे एका ओळीत उभे. चारमिनारच्या चारही बाजूंना १८८९ पासून घड्याळं आहेत, म्हणून तिने चारही घड्याळं समोरच एका रांगेत लावली होती. शिवाय भिंतीच्या आरपार जिना दिसत होता आणि जिन्यावर ती स्वतः, आईचा हात धरून.

मी अगदी प्रेमाने खोडरबर घेतला. "हे बघ, समोर उभं राहिलं की मागचे दोन मिनार पुढच्यांच्या आड जातात. घड्याळही एकच दिसतं. आणि भिंतीतून जिना कसा दिसेल?" पाच मिनिटांत तिचं चित्र 'बरोबर' झालं. तिची आई खूश झाली, मीही खूश झालो.

त्यानंतर ती येत राहिली, पण तिने कागदावर स्वतःहून एक रेघ काढली नाही. दर वेळी वही पुढे करायची आणि म्हणायची, "काका, तुम्हीच काढून द्या ना."

ते वाक्य मला झोपू देईना. ऑफिसात चालणाऱ्या कोडला हात लावून बिल्ड मोडली, तर निदान आधीची आवृत्ती परत आणता येते. इथे ती सोय नव्हती.

मग वाचायला लागलो. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळ ऑस्ट्रियाचे, नंतर अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षक. त्यांचं 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' हे पुस्तक १९४७ चं. मुलांची चित्रं वयानुसार कशी बदलतात याचे टप्पे त्यांनी मांडले आहेत. साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. म्हणून सगळं एका जमीनरेषेवर उभं राहतं आणि एक्स-रे काढल्यासारख्या घरांच्या भिंती पारदर्शक होतात. नऊच्या पुढे मूल आपल्या चित्राकडे टीकेने बघू लागतं आणि 'मला चित्र येत नाही' म्हणणारी पुष्कळ मुलं त्या वयात तयार होतात. मी ते काम दोन वर्षं आधीच उरकलं होतं. तिच्या चित्रात चूक नव्हतीच. चार मिनार असतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसरा धक्का सेवाग्रामचा. हैदराबादहून नागपूरला जाताना ते स्टेशन मी कितीतरी वेळा ओलांडलं असेल. तिथल्या नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ ते १९६२ कला शिकवत होते. त्या अनुभवातून त्यांनी कला हाच शिक्षणाचा पाया का असावा, हे लिहिलं. मुलांकडून नमुना गिरवून घेण्याला त्यांचा विरोध होता. वर्धा आमच्या नांदेडहून काही फार लांब नाही. मी शाळेत फळ्यावरचा माठ गिरवत होतो, त्याच्या कितीतरी आधी हे सगळं तिथे करून झालं होतं. आमच्या शाळेत मात्र चित्रकलेचा तास दहावीला गणिताच्या सरांकडे जायचा.

तेव्हा ठरवलं की हे नीट शिकायचं, पदव्युत्तर पदवीच करायची. ठरवणं सोपं होतं. हैदराबाद विद्यापीठाचं सरोजिनी नायडू स्कूल माझ्या ऑफिसपासून जवळ आहे, पण तिथे चित्र, शिल्प, मुद्राचित्रण हे विषय मुख्य. दिल्लीला जामिया मिलियात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे, पण त्यासाठी दिल्लीला जाऊन राहायला हवं. आणि कलेतल्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधी कलेची पदवी लागते. एका ठिकाणी खिडकीवरच्या गृहस्थांनी माझं बीईचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सर, आपण चुकून इकडे आलात का?"

शेवटी इग्नूचं एमए एज्युकेशन घेतलं. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला चालतं, किमान दोन वर्षांचं, घरी बसून करायचं. त्यात कलाशिक्षण हा वेगळा विषय नाही, पण प्रबंध लिहावा लागतो. त्यात माझा विषय मला आणता येतो.

घरी चर्चा झाली. बायकोही आयटीतच आहे. तिने एकच प्रश्न विचारला, "याने पगार वाढणार आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग मनापासून करतोयस." घराचे हप्ते चालू आहेत, नोकरी सोडायचा विचारही नाही. असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात. पहिली लिहिताना चौथ्या पानावर बोटं आखडली. डिसेंबरची परीक्षा आणि आमचं रिलीज एकाच आठवड्यात आलं. एक पेपर राहिला, तो जूनमध्ये दिला. फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ते तुझे ड्रॉइंगचे सर आता कुठे असतात रे?"

वर्गात आता मी खोडरबर ठेवत नाही. दाखवून काढून देणं बंद केलं, बोलणं वाढवलं. मागच्या महिन्यात मुलांना सालारजंग म्युझियमला नेलं. तिथल्या घड्याळाजवळ दर तासाला गर्दी होते. छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो आणि टोले देतो. परत आल्यावर चित्रं काढायला सांगितली, तर एका मुलाने घड्याळ काढलंच नाही. पाठमोऱ्या माणसांची रांगच्या रांग आणि वर उचललेले तीसेक मोबाइल. "मला तेवढंच दिसलं," म्हणाला. पूर्वी मी त्याला घड्याळ काढायला लावलं असतं. हे सगळ्याच पालकांना पटतं असं नाही. "मग ग्रेड परीक्षेची तयारी कधी?" असं दोघांनी विचारलं आहे. प्रश्न चुकीचा नाही. त्या परीक्षेने मलाही पुष्कळ दिलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी छाया-प्रकाश शिकायला हरकत नाही, सातव्या वर्षी कशाला?

ती मुलगी आता चौथीत आहे. कित्येक महिने ती नुसती बसून राहायची, मग माती मळायला लागली, मग हळूच रंग. दोन रविवारांपूर्वी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही कधी चित्र काढतच नाही." मी तिचीच पेन्सिल घेतली आणि चारमिनार काढायला बसलो. अगदी समोरून, प्रमाणात. ती खांद्यावरून वाकून बघत होती.

"दोनच?" ती म्हणाली. "बाकीचे दोन कुठे गेले?"