थकलेल्या बॅटरीचा निरोप

तीर्थरूपांचें कीर्तनश्रवण, वहिनींचें कचेरीचें काम आणि मुलांचा अभ्यास, इतका भार वाहणाऱ्या आमच्या घरच्या लॅपटॉपची बॅटरी गेल्या महिन्यांत अर्ध्या तासांत मान टाकूं लागली. 'तुम्हीच रात्रंदिवस वीज लावून ठेवितां!' असें एकमेकांस म्हणण्यांत घरानें दोन दिवस घालविले.

वस्तुतः वार्धक्य हा बॅटरीचा धर्मच होय. १९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन जातीच्या बॅटरींत प्रत्येक भरणीगणिक थोडें लिथियम कायमचें अडकून पडतें. पुष्कळ लॅपटॉपांत ३०० ते ५०० पूर्ण भरण्यांनंतर हा ऱ्हास स्पष्ट जाणवतो. उष्णता आणि सततची काठोकाठ भरणी त्यास हातभार लावितात. म्हणून यंत्र गादीवर ठेवूं नये. भरणी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती वापरावी. आयुष्य त्यानें वाढेल, गेलेली शक्ति मात्र परतणार नाहीं.

आम्ही हा उपदेश घरांत करीत असतांच यंत्राचें झांकण नीट मिटत नाहीं असें दिसलें. तें दाबावयास तीर्थरूपांनीं त्यावर जाडजूड शब्दकोश ठेविला होता! बॅटरी आंत वायु सांचून फुगली होती. अशी बॅटरी दाबल्यास वा टोंचल्यास पेट घेऊं शकते. आम्ही कोश उचलला, यंत्र बंद केलें व जाणत्या कारागिराकडून नवी बॅटरी बसवून घेतली. जुनी केरांत न टाकतां, २०२२ च्या नियमांस अनुसरून, संकलन करणाऱ्यांच्या स्वाधीन केली.

दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं झांकण नीट बसतें कीं नाहीं तें पाहावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें.