केक का बिघडतो?

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आपल्या घरोघरी सव्वाच्या मापाने होतो. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. एरवी मात्र आपल्या स्वयंपाकघरातले माप म्हणजे हाताचा अंदाज. आमटी दाट झाली तर पाणी वाढवावे, भाजी अळणी वाटली तर चिमूटभर मीठ भुरभुरावे. चुलीवरचा पदार्थ पानात पडेपर्यंत आपल्या हाती असतो आणि म्हणूनच तो सहसा हाताबाहेर जात नाही. केकचे तसे नाही. मिश्रणाचे भांडे एकदा ओव्हनमध्ये गेले आणि दार लागले, की त्यात ना काही घालता येते, ना ढवळता येते. चाळीस मिनिटांनी जे बाहेर येईल तेच पाहुण्यांपुढे ठेवावे लागते. वाचकभगिनींनो, घरी केक करू लागलेल्या प्रत्येकीने ही चाळीस मिनिटे अनुभवली असतील. मी ती पुष्कळदा अनुभवली, आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा शेवटी कपाळाला हात लावला, म्हणून हे चार शब्द लिहिते आहे.

यजमानांची बदली झाली आणि पुण्याचे बिऱ्हाड मोडून आम्ही चंदीगडच्या सेक्टर ४३ मध्ये राहावयास आलो. हे शहर सेक्टरांत आखलेले आहे. साधारणपणे बाराशे मीटर लांब व आठशे मीटर रुंद असा एकेक चौकोन, आणि त्यातच शाळा, बाजार, बागा. आमच्या सेक्टरात जिल्हा न्यायालय आहे आणि हिमाचलकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे मोठे स्थानकही आहे. सामानात माझी पाककृतींची वही होती, पुण्याला वर्षानुवर्षे वापरून कडा तेलकट झालेली. वही तीच, हात तोच. पण इथे आल्यावर केक बिघडू लागले. पदार्थाची कृती ज्या हवेत लिहिली जाते ती हवासुद्धा कृतीचाच एक भाग असते, परंतु ती कोणी लिहून ठेवीत नाही. एवढे ध्यानात यायला मला सव्वा वर्ष लागले.

पहिला प्रसंग मुलीच्या पाचव्या वाढदिवसाचा. दिवस जानेवारीचे. त्या दिवसांत इथे सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत धुके हटत नाही आणि पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. वहीत लिहिले होते, ‘लोणी खोलीत ठेवून मऊ करून घ्यावे.’ पुण्याच्या खोलीत ते आपोआप मऊ होई. इथे रात्रभर बाहेर ठेवलेले लोणी सकाळी विटेसारखे टणक! मुले पाच वाजता येणार होती. मी उतावीळपणे ते गॅसवर पातळ केले, साखर घालून खूप फेटले, फ्रिजमधली गार अंडी फोडून घातली. मिश्रण दुधासारखे फाटले. तरीही मैदा मिसळून ते ओव्हनमध्ये ढकलले. बाहेर आली ती दोन बोटे उंचीची, खाली चिकट नि वर टणक अशी एक वडी. शेवटी तिचे तुकडे करून वाट्यांत घातले, वर कस्टर्ड आणि जॅम ओतला, एका वाटीत पाच मेणबत्त्या उभ्या केल्या. मुलांनी आनंदाने खाल्ले. माझी मुलगी मात्र त्या वाटीकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, “पण आई, कापायचा कुठे?”

कारण असे आहे. मऊ लोण्यात साखर फेटली की साखरेच्या कणांबरोबर हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे लोण्यात अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करीत नाही. आधीच असलेल्यांना ती फुगविते. पातळ झालेले लोणी हवा धरून ठेवू शकत नाही, तेव्हा फुगायला काही उरतच नाही. लोणी अठरा ते वीस अंशांवर असावे, म्हणजे बोट दाबले तर सहज खळगा पडावा पण तूप सुटू नये. अंडी गार असली तर त्यांच्या स्पर्शाने लोणी पुन्हा आकसते आणि मिश्रण फाटते. आता हिवाळ्यात मी लोण्याचे पातळ काप करून ते दुपारच्या उन्हात, जाळीखाली, अर्धा तास ठेवते आणि अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात. मापासाठी वाटी वापरणेही सोडून दिले. आपल्या घरातल्या दोन वाट्या कधी सारख्या नसतात, आणि मैदा हलक्या हाताने भरला तर कपात सव्वाशे ग्रॅम मावतो, दाबून भरला तर दीडशे. जुन्या इंग्रज गृहिणींची एक युक्ती मला फार आवडली: अंडी कवचासकट तोलावी आणि तितक्याच वजनाचे लोणी, साखर व मैदा घ्यावा. सव्वाच्या शिऱ्याची सवय असलेल्या आपल्याला हे अवघड जाऊ नये.

केक ही साहेबाची वस्तू, ती आपल्याला कुठून जमणार, असा एक समज अजूनही कानी येतो. तो खरा नव्हे. केरळातील तलश्शेरी येथे माम्बल्ली बापू यांनी १८८३ च्या नाताळासाठी केला तो भारतीय हाताने केलेला पहिला केक मानला जातो. आपल्याकडेही दिवाळीत नानकटाईचे गोळे पत्र्यांवर मांडून जवळच्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची रीत होतीच. गंमत म्हणजे पंजाबातही तीच रीत. आमच्या शेजारच्या वृद्ध सरदारीणबाई, ज्यांना सगळे बीजी म्हणतात, त्या हिवाळा लागला की कणीक, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जातात आणि डोळ्यांदेखत बिस्किटे करून डबे भरून आणतात. ओव्हनवर विश्वास ठेवू नये, भट्टीवाल्यासारखी त्याच्याशी ओळख करून घ्यावी, हे मला बीजींनीच सांगितले.

त्यांचे म्हणणे मनावर घेऊन मी ओव्हनमध्ये ठेवावयाचा एक साधा तापमापक आणला. काटा एकशेऐंशीवर लावला तर आत दोनशे दहा! एवढे दिवस केकच्या माथ्यावर भेगा का पडत होत्या, ते तेव्हा उलगडले. वरची बाजू आधी घट्ट होई आणि आतले मिश्रण वाट काढीत तिला फोडून वर येई. माझी आई कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी नि रबरी कडे काढून, त्यात केक भाजीत असे. तिला अंश ठाऊक नव्हते, पण तो कुकर तिच्या हाताखालचा होता. दुसरी चूक अधीरपणाची. पहिल्या पंचवीस मिनिटांत दार उघडून पाहू नये. मिश्रण फुगलेले असते परंतु त्याचा सांगाडा अजून घट्ट झालेला नसतो. गार हवा आत शिरली की मधोमध खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही.

जूनची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आठवली की अजूनही ओशाळल्यासारखे होते. उन्हाळ्यात इथे पारा कधी कधी चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. मुलाच्या वाढदिवसाला मी लोण्याच्या आयसिंगची गुलाबी फुले काढली. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते, आणि दिवाणखाना त्याहून अधिक तापलेला. त्यातच वीज गेली. मेणबत्ती लावेपर्यंत फुले कडेवरून ओघळून तबकात उतरली होती. वनस्पती तुपाचे आयसिंग उन्हात तग धरते खरे, पण ते जिभेवर मेणासारखे चिकटून राहते; मला विचाराल तर मी ते करणार नाही. उन्हाळ्यात केकला आयसिंगच नको. लिंबाचा रस आणि दळलेली साखर यांचा पातळ थर द्यावा, किंवा वाढताना वर आंब्याच्या फोडी मांडाव्या. केक पूर्ण गार होण्यापूर्वी त्यावर काहीही लावू नये, हे तर बारा महिने पाळावे.

सप्टेंबरात भाच्याचा वाढदिवस. वन्सं सिमल्याला असतात. मी सजविलेला केक मांडीवर घेऊन आमच्याच सेक्टरातून बसमध्ये बसले. परवाणूच्या पुढे घाट लागला आणि प्रत्येक वळणावर वरचा थर खालच्या थरावरून सरकू लागला. सिमल्याला पोहोचले तेव्हा डब्यात एक नव्हे, शेजारी शेजारी दोन केक होते. वन्सं म्हणाल्या, “राहू दे वहिनी, आपण इथेच दुसरा करू.” माझ्या वहीबरहुकूम केला. तो ओव्हनमध्ये भराभर फुगला, आमच्या डोळ्यांसमोर भांड्याबाहेर आला आणि मग बसला तो बसलाच.

हा दोष आम्हा दोघींचा नव्हता. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे मीटर उंचीवर आहे, चंदीगड जेमतेम सव्वातीनशे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाहून किंचितच अधिक असतो. दाब कमी म्हणून बुडबुडे अधिक फुगतात. पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून ओलावा लवकर उडून जातो. केकचा सांगाडा घट्ट होण्यापूर्वीच बुडबुडे फुटून जातात. डोंगरावर राहणाऱ्या भगिनींनी बेकिंग पावडर चतुर्थांशाने कमी करावी, कपभर साखरेतून दोन मोठे चमचे काढावे, दूध तीन-चार चमचे वाढवावे आणि ओव्हन दहा अंशांनी अधिक तापवावा. वन्संनी दुसऱ्या दिवशी तसे केले आणि उत्तम केक झाला. भाच्याला मात्र वाढदिवस एक दिवस पुढे ढकलावा लागला, ज्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती.

आता ज्यासाठी हे सगळे लिहावयाला घेतले तो प्रसंग. माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत. नातवंडांच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या औक्षण करीत आणि मग चिवड्याची बशी घेऊन खुर्ची जरा मागे सरकवून बसत. त्यांनी कधी काही म्हटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हां कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. गेल्या जानेवारीत मी त्यांच्यासाठी प्रथमच बिनअंड्याचा केक केला. दही आणि सोडा घालून. अंडे नाही म्हणून सोडा जरा सढळ हाताने घातला. वर पिवळट डाग दिसले, पण रूप एकंदर चांगले होते. आईंनी तुकडा तोंडात घातला, सावकाश गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “केक म्हणजे असा लागतो होय! मुलं उगीच हट्ट करतात.”

मी चाखून पाहिला. शुद्ध साबण! पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा केक खाल्ला आणि तो असा.

खाण्याच्या सोड्याला फुगविण्यासाठी आंबटपणा लागतो. दह्यातील आम्लाशी संयोग होऊन वायू सुटतो आणि सोडा संपून जातो. आम्ल पुरले नाही तर उरलेला सोडा साबणाची चव देतो व पिवळे डाग पाडतो. चंदीगडच्या थंडीत लागलेले दही गोड होते, दुधासारखे. त्यात भर माझ्या सढळ हाताची. तेव्हापासून मी असे करते: दही एक दिवस उबेला ठेवून आंबट होऊ देते. असे एक कप दही घेऊन त्यात दीडशे ग्रॅम साखर विरघळविते. मग सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धाच चमचा सोडा, तोही चमच्याची कड सपाट करून, लहान चमच्याने. पाच मिनिटांत दह्याला फेस येतो. त्यावर अर्धा कप तेल, वेलदोड्याची पूड आणि शेवटी चाळलेला एकशेनव्वद ग्रॅम मैदा. मैदा घातल्यावर फार घोटू नये, पोळीच्या कणकेप्रमाणे तो चिवट होतो आणि केक दडदडीत होतो. एकशेऐंशी अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे. सुई घालून कोरडी निघाली की झाला.

मार्चमध्ये आईंची पंचाहत्तरी आली. सिमल्याहून वन्सं आल्या, शेजारच्या बीजी आल्या. बाकी आम्ही घरचीच माणसे. मार्चची हवा सर्वांत सोयीची, लोणी सांगितल्याप्रमाणे वागते. केक वर आला, माथा सपाट, एकही भेग नाही. मी आनंदाने आयसिंगची पिशवी घेतली आणि ‘अमृतमहोत्सव’ असे मोठ्या अक्षरांत लिहावयास आरंभ केला. आठ इंची केक! ‘अमृतम’ पर्यंत आले आणि जागा संपली. देवनागरी अक्षरे केकवर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: आधी दातकोरणीने सगळी अक्षरे हलकेच आखून घ्यावी, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जागा मोजावी आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी, एका दमात ओढावी. मी यातले काहीच केले नव्हते. वन्संनी सुरीच्या टोकाने ‘म’ खरवडून काढला आणि तेवढी जागा पिस्त्याच्या कापांनी झाकली.

आईंनी ‘अ’ कडून केक कापला. बीजींनी पहिला घास त्यांच्या तोंडात घातला. आई या वेळी पाणी प्यायल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत, बशी मात्र रिकामी केली. रात्री झाकपाक करताना मी पाहिले, ‘त’ लिहिलेला तेवढा एक तुकडा उरला होता. तो डब्यात घालून ठेवला. सकाळी मुलीच्या खाऊसाठी डबा उघडला तर तळाशी पिस्त्याचे दोन काप होते. आई तुळशीला पाणी घालीत होत्या.