जुनी लहर, नवी लहर

गाण्यांचे नभोवाणी केंद्र नव्याने काढणे आणि बातम्यांचे केंद्र नव्याने काढणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटतात. वस्तुतः त्यांत फार अंतर आहे. आवडते गाणे श्रोता दोन केंद्रांवर दोनदा ऐकेल आणि तिसऱ्यांदा गुणगुणेलही. बातमी मात्र एकदा कानी पडली की तत्क्षणी शिळी होते. शिवाय जुन्या केंद्राचा आवाज घराघरांत रुळलेला असतो. त्या आवाजावर लोक घड्याळे लावतात, आणि ज्याच्यावर घड्याळ लावावयाचे त्याच्या बातमीवर सहसा शंका घेतली जात नाही. नव्या केंद्रास उत्तम यंत्रे विकत घेता येतील, उत्तम निवेदक नेमता येतील. ही सवय तेवढी विकत मिळत नाही. मग असे केंद्र कशाच्या बळावर उभे राहते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर हैदराबादच्या सुलतान बाजारापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

आज कापडाच्या व बांगड्यांच्या दुकानांनी गजबजलेला हा भाग एके काळी ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणून ओळखला जाई. ब्रिटिश रेसिडेंटची कोठी शेजारीच होती आणि या बाजारावर अंमल निजामाचा नसून रेसिडेन्सीचा होता. संस्थानच्या हद्दीत सभा भरवावयाची तर परवानगी, छापखाना घालावयाचा तर परवानगी. या चिंचोळ्या पट्ट्यात त्या मानाने मोकळा श्वास घेता येई. म्हणूनच 1892 मध्ये आर्य समाज येथे आला आणि 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही येथेच निघाले. जवळच जांबागेत मराठी मंडळींची विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था 1907 मध्ये उभी राहिली. पुढे 1933 मध्ये हा बाजार निजामाकडे परत गेला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. मोकळिकीची हद्द पुसली गेली. परंतु ज्यांना ती अंगवळणी पडली होती ती माणसे तेथेच राहिली. बातमीची भूक असलेला श्रोतृवर्ग या वस्तीत आधीपासून तयार होता, तो असा.

योगायोग असा की हैदराबादेत नभोवाणीचा जन्मही त्याच सुमारास झाला. सुलतान बाजारापासून फारशा दूर नसलेल्या चिराग अली गल्लीत महबूब अली यांनी 1933 मध्ये खासगी हौसेने एक अल्पशक्तीचे केंद्र चालू केले. 3 फेब्रुवारी 1935 रोजी संस्थान सरकारने ते आपल्याकडे घेतले, आणि ‘डेक्कन रेडिओ’ हे नाव लवकरच घरोघर झाले. कार्यक्रमांची मुख्य भाषा उर्दू असली तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड या प्रजेच्या भाषांनाही त्यात वाटा होता. औरंगाबादेस त्याचे दुसरे केंद्र होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. मुंबईची नभोवाणी 1927 पासून चालू होती खरी, परंतु मराठवाड्यातील श्रोत्यास आपल्या मुलखाचे नाव ऐकावयाचे तर डेक्कन रेडिओच लावावा लागे. प्रस्थापित स्थानिक केंद्राचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. ते जवळ असते, श्रोत्याची भाषा बोलते आणि त्याच्या गावाचे नाव नीट उच्चारते.

परंतु या सामर्थ्याला एक आतली मर्यादा होती. केंद्र सरकारचे, तेव्हा बातमीही सरकारला मानवेल तीच. शांततेच्या काळात ही उणीव फारशी बोचत नाही. पावसाची बातमी, भावाची बातमी, दरबारची बातमी सरकारी असली म्हणून काय बिघडते? 1947 नंतर मात्र बिघडले. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला, रझाकारांचा जोर वाढला, हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून बाहेर पडली. आणि नेमक्या याच गोष्टींविषयी खरे काय ते कळण्याची सोय उरली नाही. वृत्तपत्रांनी बोलावे तर त्याची किंमत काय पडते हे 1948 च्या ऑगस्टमध्ये दिसले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध व सामिलीकरणाच्या बाजूने लेखन केले. रात्री कार्यालयातून घरी परतत असता काचीगुडा भागात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. काचीगुडा हे सुलतान बाजाराच्या शेजारचेच. त्या रात्रीनंतर या वस्तीत बातमी हा शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला जात असेल, हे निराळे सांगावयास नको.

अशा वेळी नवी लहर उठली ती राज्याच्या बाहेरून. तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर कर्नूल हे तेव्हाच्या मद्रास प्रांतातील शहर. पैलतीरावर निजामाचे राज्य. पागा पुल्लारेड्डी यांच्या पुढाकाराने तेथून ‘भाग्यनगर रेडिओ’ नावाचे गुप्त केंद्र चालविले गेले. नावातच आव्हान होते: हैदराबादचे दुसरे नाव घेऊन हैदराबादबाहेरून बोलावयाचे! गायन, नाटक, श्रुतिका यांचा पसारा अशा केंद्रास परवडण्यासारखा नसतो. त्याच्यापाशी एकच माल असतो, तो म्हणजे जुने केंद्र जी बातमी सांगत नाही ती बातमी.

येथे लहरींचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. वृत्तपत्राचा गठ्ठा नाक्यावर अडविता येतो. ध्वनिलहरीस नाका नसतो. मध्यम लांबीच्या लहरी दिवसा जमिनीच्या कडेकडेने जातात आणि वर गेलेला भाग वातावरणाचा खालचा विद्युत्भारित थर शोषून घेतो. त्यामुळे दिवसा जवळचेच केंद्र स्पष्ट ऐकू येते. सूर्यास्तानंतर हा थर विरळ होतो, लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर पुन्हा खाली उतरतात, आणि दूरची केंद्रे ग्राहकयंत्रात उमटू लागतात. आखूड लहरी तर याहून दूर जातात. म्हणजे दिवसाचा स्वामी डेक्कन रेडिओ असला तरी रात्र सर्वांना मोकळी होती. दिल्लीच्या बातम्या ऐकावयाच्या, मग स्थानिक बातम्या लावावयाच्या आणि दोहोंत जो फरक पडेल त्याचा अर्थ लावावयाचा, एवढे काम काटा फिरविणाऱ्या बोटास साधत होते. 1948 च्या जुलैमध्ये नागपूरचे केंद्र निघाल्यावर मराठी श्रोत्यास आणखी एक आवाज मिळाला.

यापूर्वीचा असाच एक प्रयोग मराठी वाचकांस परिचित आहे. 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खकर आदी तरुणांनी ‘काँग्रेस रेडिओ’ काढला. 27 ऑगस्टला 42.34 मीटरवर त्याचा पहिला आवाज उमटला. समोर प्रतिस्पर्धी होता प्रत्यक्ष ऑल इंडिया रेडिओ: पैसा, यंत्रे, कायदा सर्व त्याच्या बाजूस. तरुणांकडे पोलिसांच्या भयाने वारंवार बदलावी लागणारी खोली आणि एक क्षेपणयंत्र. पण चिमूर व आष्टी येथील घटना, बलियातील उठाव, जमशेदपूरचा संप या ज्या बातम्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या त्या या केंद्राने दिल्या. वर्धा आणि चांदा जिल्ह्यांत काय घडले हे मुंबईतल्या श्रोत्याने या चोरट्या लहरीवरून ऐकावे, हीच त्याची कमाई. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडले. अवघे अडीच महिने! एवढ्या अल्प काळात त्याचे नाव झाले, ते आवाजाच्या जोरावर नव्हे. सरकारी नभोवाणी ज्या जागी गप्प राहत होती, तेथे हे बोलत होते.

हैदराबादेत हा सामना किती विलक्षण रीतीने संपला ते पाहण्यासारखे आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 17 तारखेस पंतप्रधान मीर लायक अली यांनी आपल्या मंत्रिमंडळाचा राजीनामा जाहीर केला, आणि त्याच दिवशी सायंकाळी निजाम मीर उस्मान अली खान स्वतः डेक्कन रेडिओवर बोलले. लढाई थांबविण्याचा हुकूम दिला आहे, रझाकार संघटनेवर बंदी घातली आहे, भारतीय सैन्यास सिकंदराबाद व बोलारम येथे येऊ देण्यात येईल, असे त्यांनी सांगितले. निजाम यापूर्वी कधी नभोवाणी केंद्रावर गेलेच नव्हते, असे भारताचे तेथील एजंट-जनरल कन्हैयालाल मुनशी यांनी नमूद केले आहे. ज्या ध्वनिक्षेपकावरून काल प्रतिकाराची भाषा निघाली, त्यावरूनच आज शरणागती सांगितली गेली. जुन्या केंद्राचा आवाज तोच होता आणि लहरही तीच. श्रोत्याचा विश्वास मात्र त्याआधीच दुसरीकडे वळला होता.

गोष्ट येथे संपवून विजयाचा आनंद मानणे सोपे आहे, पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी तेथे फिरून चौकशी केली आणि मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. सर्वसामान्यांना तो पाहावयास मिळण्यास 2013 हे साल उजाडले. 1948 च्या त्या हिवाळ्यात काटा फिरवून ताडून पाहावयास दुसरी लहर उरली नव्हती. डेक्कन रेडिओ विजेत्यांच्या ताब्यात होता. 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे रीतसर ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला की नवे केंद्र फार लवकर जुने होते.

येथवर सांगितलेली केंद्रे बातमीसाठी जन्मली, पण ती बोलत दिवसातून थोडाच वेळ. अहोरात्र केवळ बातम्याच द्यावयाच्या, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली ती न्यूयॉर्कमध्ये. तेथे डब्ल्यू.आय.एन.एस. या गाण्यांच्या केंद्राने 19 एप्रिल 1965 रोजी गाणी बंद करून चोवीस तास बातम्या सुरू केल्या. चोवीस तास पुरेल इतकी बातमी शहरात असते का, अशी शंका सहज येईल. त्या केंद्राने शंकेचे उत्तर श्रोत्याच्या सवयीत शोधले. बातम्या ऐकणारा मनुष्य तासन्‌तास बसत नाही. दाढी करताना, मोटार हाकताना वीसेक मिनिटे ऐकतो आणि उठतो. तेव्हा बावीस मिनिटांत जग सांगून टाकावयाचे आणि पुन्हा आरंभापासून, मधल्या काळात नवे घडले असेल ते घालून, सांगावयाचे. अशा केंद्रास कथा नको, चक्र हवे.

दोनच वर्षांनी, 28 ऑगस्ट 1967 रोजी, डब्ल्यू.सी.बी.एस. हे त्याच शहरातील केंद्र याच व्यवसायात उतरले. त्याचा शुभारंभही मोठा विचित्र झाला. आदल्या दिवशी एक लहान विमान त्याच्या मनोऱ्यावर आदळले आणि मनोरा कोसळला. बातम्यांच्या केंद्राला पहिली मोठी बातमी स्वतःचीच मिळाली! प्रतिस्पर्ध्याशी वेगात स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. म्हणून या केंद्राने काहीसा संथ, संभाषणाचा सूर धरला आणि हवामान व रस्त्यांवरील वाहतूक ठरल्या मिनिटाला, दर दहा मिनिटांनी, सांगण्याचा नेम पुढे आपला केला. नेमकी वेळ हीच त्याची खूण झाली. दोन्ही केंद्रे अर्धशतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी जगली. 2024 च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू.सी.बी.एस.वरील बातम्या थांबल्या. गाण्याच्या केंद्रात एक निवेदक आणि तबकड्यांचा गठ्ठा यावर तास निभावतो. बातमीच्या केंद्रास न्यायालयात एक, रुग्णालयात एक, पोलीस कचेरीत एक अशी माणसे पोसावी लागतात, आणि त्यांपैकी निम्म्यांच्या हाती त्या दिवशी काही लागत नाही. या धंद्यात पैसा असा जातो.

सुलतान बाजारात असे केंद्र निघावयाचे तर त्यास निदान तेलुगू, उर्दू आणि हिंदी येथपासून आरंभ करावा लागेल, आणि जुन्या मराठी वस्तीस अर्धा तास द्यावा की नाही याचाही विचार करावा लागेल. तथापि अडचण खर्चाची किंवा भाषेची येण्याआधी कायद्याची येते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. 2001 पासून खासगी एफ. एम. केंद्रे निघू लागली. परंतु त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. 2011 च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा सहक्षेपित करण्याची परवानगी दिली आणि 2019 मध्ये त्याची व्यवस्था प्रत्यक्षात आली. तासाला दहा मिनिटे स्वतःच्या बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2023 च्या सप्टेंबरमध्ये केली. दूरचित्रवाणीवर बातम्यांच्या खासगी वाहिन्या अहोरात्र भांडत असताना नभोवाणीवर दहा मिनिटांसाठी शिफारस करावी लागते, हा प्रकार चमत्कारिकच म्हणावयाचा.

2020 च्या फेब्रुवारीपासून सुलतान बाजारावरून मेट्रो धावते आणि तिचे एक स्थानक याच नावाचे आहे. त्या गाडीत कानाला यंत्र लावून बसलेल्या प्रवाशास खासगी केंद्रांवर गाणी भरपूर मिळतात. 2019 च्या त्या व्यवस्थेप्रमाणे मध्येच एखादे वार्तापत्र लागलेच तर ते आकाशवाणीचे असते, एक शब्दही न बदललेले.