ताम्रपट परभणीचा, शिलालेख कुरिक्यालचा

परभणीत मिळालेला एक जैन दानलेख अभ्यासकांना 'परभणी ताम्रपट' म्हणूनच परिचित आहे. काळ शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६. दान देणारा वेमुलवाड्याचा चालुक्य राजा तिसरा अरिकेसरी, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक. वडील बद्दिग यांनी लेंबुलपाटक येथे उभारलेल्या शुभधाम जिनालयाच्या डागडुजीसाठी त्याने सोमदेवसूरींना एक गाव दिले. 'नीतिवाक्यामृत' लिहिणारे आचार्य ते हेच.

लेंबुलपाटक म्हणजे आजच्या तेलंगणातले वेमुलवाडा. ताम्रपट माणसांबरोबर गावोगाव फिरतो. कातळावरचा लेख मात्र कोरला तिथेच राहतो. म्हणून परभणीचा हा लेख नीट समजून घ्यायचा, तर करीमनगर जिल्ह्यातल्या कुरिक्यालजवळची टेकडी गाठावी लागते. सोमदेवांनी शके ८८१ मध्ये 'यशस्तिलकचंपू' पूर्ण केला तो गंगाधारा येथे; अभ्यासक ते याच परिसरातले गंगाधर मानतात.

या टेकडीचे जुने नाव वृषभगिरी, आजचे बोम्मलगुट्टा. येथे तीर्थंकर आणि चक्रेश्वरी यांच्या प्रतिमा थेट कातळात कोरल्या आहेत. करविता जिनवल्लभ, कन्नड आदिकवी पंप याचा भाऊ. खालचा दहाव्या शतकातला लेख संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत आहे. त्रिभुवनतिलक बसदी (जैन मंदिर), कवितागुणार्णव तलाव आणि मदनविलास बाग यांचे उल्लेख त्यात येतात. त्यातली कंद छंदातली पद्ये तेलुगूतल्या सर्वांत जुन्या कंदपद्यांत गणली जातात. २००८ साली तेलुगूला अभिजात दर्जा मिळाला, त्यामागे असेच लेख पुरावा म्हणून उभे होते.

श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराच्या पायाशीही कन्नड, तमिळ आणि मराठी लेख आहेत. दर्शनाला येणाऱ्याला त्याच्या भाषेत कळावे, अशी दृष्टी या दोन्ही डोंगरांवरच्या जैन दात्यांच्या लेखांत दिसते. आपल्या भाषांचे काही जुने पुरावे कातळावर टिकले, ते अशा दात्यांमुळे.

परभणी जिल्ह्यात ही परंपरा जिंतूरजवळच्या नेमगिरीवर आजही जिवंत आहे. लेण्यांच्या बुटक्या दारांतून वाकून आत गेले की नेमिनाथ, शांतिनाथ, बाहुबली यांच्या भव्य मूर्ती समोर येतात. पार्श्वनाथाची अवजड मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. भाविक तिला अंतरीक्ष पार्श्वनाथ म्हणतात. येथे रोज पूजा होते, यात्रेकरू येतात. श्रद्धेने या मूर्ती सांभाळल्या. आता अभ्यासाने त्या श्रद्धेला साथ द्यायला हवी.

नेमगिरीच्या प्रत्येक मूर्तीची मापे, छायाचित्रे, पादपीठांची बारकाईने तपासणी आणि कुरिक्यालच्या शिल्पांशी तुलना, एवढे काम परभणीच्या महाविद्यालयांना सहज उचलता येईल. त्यासाठी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मोडीबरोबर जुनी कन्नड-तेलुगू लिपीही शिकवावी. दहाव्या शतकात बहुतेक काळ हा सारा मुलूख एकाच राष्ट्रकूट छत्राखाली होता. त्याचा इतिहास आजच्या राज्यसीमेपाशी थांबून लिहिला, तर परभणीच्या वाट्याला अर्धीच गोष्ट येते.