घरच्यांच्या बोलण्याचा सूर

मनोरुग्णांची शुश्रूषा शिकणाऱ्यांना औषधांची नावं लवकर पाठ होतात, पण ‘घरातील भावनिक ताण’ ही संकल्पना मागे राहते. तिचा पुरावा मात्र भक्कम आहे. १९५८ साली जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये असं आढळलं की, स्किझोफ्रेनियातून सावरून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त उलटतो. पुढे नातेवाइकांच्या मुलाखतींतून सततची टीका, वैरभाव आणि अतिकाळजी मोजली गेली. व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या एकत्रित आकडेवारीत, असा ताण असलेल्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत सुमारे १३ टक्के.

यावर रास्त आक्षेप येतो: आजार तीव्र असेल तर घरचे वैतागणारच, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ताण दोन्ही बाजूंनी वाढतो, हे खरंच. पण १९८२ मध्ये लेफ यांच्या गटाने औषधं चालू ठेवून काही कुटुंबांना आजाराची माहिती आणि आधार दिला, तेव्हा त्यांच्याकडचे रुग्ण कमी वेळा आजारी पडले. प्रयोग छोटा होता, तरी नंतरच्या अनेक चाचण्यांनी तेच दाखवलं. कुटुंबामुळे स्किझोफ्रेनिया होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. थकलेल्या आईला दोष देणं क्रूरपणाचं आहे. मुलगा दिवसभर पडून राहतो तो आळसाने नव्हे, आजाराने, एवढं तिला डिस्चार्जच्या आधी कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.