मिशिगनमधली शाकारणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी होडीवरच्या ताडपत्रीची दोरी सोडली आणि तोंडावर जो वास आला, तो चांगलाच ओळखीचा होता. आषाढभर बंद राहिलेली माजघरातली ट्रंक उघडली की येतो तो. फक्त मी मालवणात नव्हतो, डेट्रॉइटच्या उत्तरेला एका होडीतळावर उभा होतो आणि बाजूला बर्फाचे मळके ढीग अजून शिल्लक होते.

होडी वीस फुटी, फायबरग्लासची, सेकंडहँड घेतलेली. पुढे दोन माणसं पाय दुमडून झोपतील एवढी खोली. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब दाटीवाटीने लोंबत होते, बोट लावताच ओळीने खाली आले. लाइफ जॅकेटांवर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके. गाद्या दाबल्या की पाणी सुटत होतं. खोलीच्या कोपऱ्यात आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती, ऑगस्टात मुलं होडीत झोपली तेव्हा नेलेली आणि तिथेच विसरलेली. तिची घडी उलगडली तर आतून हिरवट बुरशी.

वाईट याचं वाटलं की मी निष्काळजी नव्हतो. ऑक्टोबरात होडी पाण्याबाहेर काढली तेव्हा झडपा, कप्पे, खिडकी सगळं घट्ट लावलं, वर ताडपत्री अशी ताणून बांधली की वारा शिरायला फट नको. बर्फ आत जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. बर्फ गेलाच नाही. पाणी आतलंच होतं.

त्या रात्री मामाला फोन केला. मामाची मालवणला होडी आहे, इंजिनाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याच्या आधी गावातल्या होड्या वर ओढून शाकारतात. पूर्वी वर झापांचं छप्पर असायचं, आता बहुतेक निळं मेनकापड. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू होडी झाकलस काय कोंडलस?"

मी इंजिनियर आहे, आकडेमोड केल्याशिवाय झोप येत नाही. १५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे ऑक्टोबरची दमट हवा कोंडून गारठवली तर घनमीटरमागे ८ ग्रॅम पाणी बाहेर पडणार. माझ्या ताडपत्रीखालची सगळी जागा आठ घनमीटर धरली, तरी हिशेब चौसष्ट ग्रॅमवर येतो. चार मोठे चमचे. चार चमच्यांनी गोधडी कुजत नाही.

मग उरलेलं पाणी कुठून आलं? गाद्यांच्या फोममध्ये उन्हाळ्यापासून मुरलेलं होतं. ओल्या दोरांच्या वेटोळ्यात होतं. तळाशी, पंपाचं तोंड पोचत नाही तिथे, दोनेक तांबे साचलेलं होतं. शिवाय होडी उभी होती उघड्या मातीवर, आणि ताडपत्री जमिनीपर्यंत आणून मी मातीची वाफही आत घेतली होती. थंडीतही इथे लख्ख ऊन पडतं. दुपारी ताडपत्रीखालची हवा तापते, गाद्यांतलं, तळातलं, मातीतलं पाणी वर उठतं. रात्री पारा उणे दहावर गेला की तीच वाफ ताडपत्रीला आणि छताला धरते, सकाळी ठिबकते आणि पुन्हा गाद्यांत. आमच्याकडे काजूच्या बोंडांचा रस गाळायची भट्टी असते ना, तशीच. सहा महिने मी होडीत भट्टी लावून ठेवली होती. गडद मेनकापडाखाली तर ती जास्त पेटते. म्हणून आता मी पांढरं वापरतो.

या तळावर लाकडी होडीवाला एक म्हातारा आहे. दुसऱ्या हिवाळ्याआधी त्याने माझ्या होडीची तपासणी केली ती बघण्यासारखी होती. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने होडी वाजवत निघाला, टक टक टक, नारळ घेताना आपण वाजवतो तसा. मागच्या, इंजिन टांगायच्या फळीजवळ आवाज बदलला. खणखणीत होता तो बद्द झाला. "इथे," तो म्हणाला. फायबरग्लास कुजत नाही हे खरं, पण त्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं, आणि कधीकाळी कुणीतरी मारलेल्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी तिथे पोचलं होतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला सवड मिळते. गोठताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, त्यामुळे दर हिवाळ्यात ते भोक आतून आणखी उसवत होतं. तळहाताएवढा तुकडा कापून काढावा लागला. कापला तेव्हा ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा हातात आला.

मामा म्हणतो, "दर्याचा पाणी लाकूड राखता, पावसाचा पाणी लाकूड खाता." मला ते लहानपणी म्हाताऱ्यांचं काहीतरी वाटायचं. पण तळावरच्या त्या लाकडी होडीवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं की इथल्या गोड्या पाण्याच्या महातलावांवर चालणाऱ्या जुन्या लाकडी शिडाच्या जहाजांच्या बरगड्यांमध्ये मुद्दाम मीठ भरत असत, लाकूड कुजू नये म्हणून. दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटले तर बोलत मात्र सुटतील.

आता ऑक्टोबरचा माझा शनिवार-रविवार ठरलेला. होडी ट्रेलरवर, नाळ थोडी वर, मागचं बूच काढून खिशात. (एकदा ते घरी विसरून वसंतात होडी पाण्यात सोडली होती, तो प्रसंग इथे सांगत नाही.) गाद्या, जॅकेटं, दोर, नकाशे, कापूस म्हणून असेल नसेल ते सगळं घरच्या तळघरात. गोड्या पाण्याने होडी धुवायची आणि दोन दिवस उघडी सुकू द्यायची. तळातलं शेवटचं पाणी पंप काढत नाही, ते स्पंजाने टिपायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. कप्प्यांची झाकणं, पायाखालच्या फळ्या, खोलीचं दार, सगळं उघडं ठेवायचं. खाली मातीवर प्लास्टिक अंथरायचं.

मग झाकण. होडीच्या मधोमध आडवं लाकूड उभारून घराच्या आढ्यासारखा उतार करायचा, म्हणजे बर्फ घसरून जातो आणि मेनकापड होडीला टेकत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवेसाठी झडपा, एक खाली, एक वर. मेनकापड जमिनीपर्यंत आणायचं नाही, हातभर मोकळं ठेवायचं. बाहेरची थंड हवा ओली वाटते खरी, पण उणे दहाच्या हवेत घनमीटरमागे वाफ असून असून अडीच ग्रॅम. ती आत येऊन जराशी तापली की कोरडीच होते आणि जाताना आतली ओल घेऊन जाते.

दुकानात कॅल्शियम क्लोराइडच्या पांढऱ्या गोळ्यांचे डबे मिळतात, हवेतली ओल शोषणारे. ते काम करतात, पण बंद जागेत. झडपा उघड्या ठेवून डबा मांडणं म्हणजे अख्खं मिशिगन कोरडं करायला निघणं. शिवाय शोषलेल्या ओलीचं खारं पाणी होतं, ते सांडलं तर धातू खातं. मी एक डबा फक्त वायरींच्या बंद कप्प्यात ठेवतो, खाली परात ठेवून.

इंजिनाचं वेगळं शास्त्र आहे, थोडक्यात सांगतो. पाणी राहिलं तर गोठून धातू फोडतं, म्हणून आउटबोर्ड इंजिन उभंच ठेवायचं, पाणी आपोआप उतरतं. गिअरचं तेल शरदातच बदलायचं. ते ताकासारखं पांढुरकं निघालं तर पाणी शिरलंय, आणि वसंतापर्यंत थांबलात तर खर्च गिअरबॉक्सचा. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पुरेसं पाणी झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असेल तर या थंडीत गोठत नाही, उतरलेली गोठते.

लोकांना जानेवारीची भीती वाटते. आमचं लेक सेंट क्लेअर सरासरी अकराच फूट खोल, ते लवकर गोठतं आणि मग माणसं त्याच पाण्यावर झोपड्या ओढत नेतात, भोक पाडून पर्च मासे पकडत बसतात. पण त्या कडाक्यात बुरशीही गारठलेली असते. घात होतो मार्च-एप्रिलमध्ये. बाहेर अचानक पंधरा अंश, दमट वारा, आणि होडीचं अंग अजून हिवाळ्याचं. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो तशी ती सगळीकडून घामेजते. म्हणून पहिल्या उबदार रविवारी मी जातो आणि बाकी काही नाही तरी मेनकापडाची एक बाजू गुंडाळून वर करतो. आत दहा डॉलरचं आर्द्रतामापक टांगलेलं आहे. साठच्या खाली काटा दिसला की बरं वाटतं. गेल्या मार्चमध्ये अठ्ठावन्न होता. खोलीच्या छतावरून हात फिरवला, तळवा कोरडा.

तिथूनच मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र, मामा जेवून अंगणात बसला होता. झडपा दाखवल्या, आढं दाखवलं, मातीवरचं प्लास्टिक दाखवलं. कुठेही ओल नाही, वास नाही. मामा बराच वेळ बघत राहिला.

"सगळा बरा केलस," तो म्हणाला. "पण इतकी वाट उघडी ठेवलस ती... तिकडे उंदीर नाय काय रे?"

मी मोबाइल खाली धरला आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात डोकावलो. शरदात इंजिन पुसायला ठेवलेल्या चिंध्यांचं एक गोल, मऊ, अगदी कोरडं घरटं तयार होतं.