वेस्टनची लाकडी पेटी

कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक केलेल्या आमच्या वाचकांना व्होल्टमीटर ठाऊक असेलच. काटा, आकड्यांची पट्टी आणि तिच्यालगत आरशाची अरुंद फीत. तो आरसा कशासाठी, हे आम्हाला मात्र बऱ्याच उशिरा कळले.

विजेचे दिवे लागू लागले तेव्हा विजेचा दाब मोजण्याची सोय अवघड होती. त्या वेळची कित्येक यंत्रे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेत नीट मांडून ठेवावी लागत. जवळ लोखंड आले की मोजणी चुके. एडवर्ड वेस्टन हा मूळचा इंग्लंडचा, जन्म १८५० चा. १८७० मध्ये तो अमेरिकेस गेला आणि विजेने मुलामा चढवण्याच्या धंद्यात शिरला. अचूक मोजमापाची निकड त्याला कामातूनच जाणवली. १८८८ मध्ये त्याने न्यू जर्सीतील नेवार्क येथे मापनयंत्रांची कंपनी काढली. त्याचा व्होल्टमीटर हातात धरून कुठेही नेता येई.

पेटीच्या आत नालाकृती चुंबक असतो. त्याच्या दोन टोकांमध्ये बारीक तारेचे वेटोळे टेकूवर फिरते. वीज आली की वेटोळे वळते, केसासारख्या स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की काटा थांबतो. वेटोळ्याला जोडून मोठा रोध बसवलेला असल्याने मोजणीपुरती अगदी थोडी वीज आत जाते. हा रोध मँगॅनिन या मिश्रधातूच्या तारेचा असे. उन्हाळा असो की हिवाळा, या तारेचा रोध जवळपास बदलत नाही. अशा मिश्रधातूंचा शोधही वेस्टनचाच. आमच्या मते त्याची खरी कमाई हीच.

वापरण्याची रीत अशी. पेटी सपाट टेबलावर आडवी ठेवायची. काटा शून्यावर आहे ना, ते पाहायचे. धन तार धन खुंटीला, ऋण तार ऋण खुंटीला. दाबाचा अंदाज नसेल तर आधी मोठा पल्ला घ्यायचा. मग एक डोळा मिटून असे वाकायचे की काट्याची आरशातली सावली काट्यामागे पूर्ण लपेल. तेव्हाच आकडा वाचायचा. तिरकी नजर असली तर आकडा इकडेतिकडे सरकतो.

शिशाच्या बॅटरीबाबत कारागीर आणखी एक काळजी घेत. रिकाम्या बसलेल्या बॅटरीचा एक घट थकलेला असला तरी दोन व्होल्टच्या आसपास दाखवतो. दिवा जोडून, तो जळत असताना मोजले की काटा खाली येतो आणि कोणता घट नादुरुस्त ते उमगते.

जुन्या बाजारात अशी पेटी कुणास मिळाली तर घरच्या सॉकेटला लावू नये. ही पेटी एका दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी आहे. घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. काटा शून्यापाशी नुसता थरथरेल, आणि पल्ला लहान असला तर आतले वेटोळे जळून जाईल. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि मुलांना आरशात डोकावू द्यावे.